अठरा नंबरचे पाय

एक

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मनोरुग्णांच्या त्या इस्पितळात फोन एकच होता, तोही मोठ्या साहेबांच्या खोलीत, आणि बायकांच्या वॉर्डाच्या खिडक्यांना नुकताच हिरवा रंग दिला होता. वेडावरची जी औषधं आज जुनी म्हणून बाजूला सारतात, ती तेव्हा नवी होती. नव्या सुनेचं करावं तसं त्यांचं कौतुक चाललं होतं.

सिस्टरबाईंनी त्यांच्या आधीचे दिवसही पाहिले होते. खाटेला बांधलेल्या बायका, ओल्या गार चादरी, रात्रंदिवस चाललेला आरडाओरडा. त्यामुळे या थेंबांना नि गोळ्यांना त्या कधी नावं ठेवत नसत. फक्त चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक खोड लागली होती. डॉक्टर मंडळी चेहरा बघायची, सिस्टरबाई पाय बघायच्या. शिकाऊ नर्सा मागून हसत. हसू देत, बाई म्हणायच्या.

त्या सोमवारी सकाळी त्यांनी अठरा नंबरच्या खाटेची फाईल उघडली आणि बसता बसता उभ्याच राहिल्या. धाकट्या डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं होतं : ‘आजार उलटला आहे. शनिवारी घरी पाठवू नये. मागच्या इमारतीत हलवण्याचा विचार व्हावा.’

अठरा नंबर म्हणजे मास्तरीणबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या खेपेला आल्या तेव्हा भिंतीशी बोलत होत्या. औषधाने माणसात आल्या. शुक्रवारी समिती बसायची, शिक्का मारायची, आणि शनिवारी त्या घरी जायच्या, असं ठरलं होतं. आणि आता मागची इमारत! तिकडे गेलेली बाई पुढच्या फाटकातून परत बाहेर पडलेली सिस्टरबाईंना आठवत नव्हती.

त्या तडक वॉर्डात गेल्या. मास्तरीणबाई खाटेपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून खाटेपर्यंत फेऱ्या घालत होत्या. थांबल्या की जागच्या जागी पाय बदलत होत्या, तापलेल्या फरशीवर उभं राहिल्यासारख्या.

“बसा हो जरा, मास्तरीणबाई.”

त्या बसल्या. दहा आकडे मोजेपर्यंत उठल्या. “नाही बसवत. बसले की पोटऱ्यांत काहीतरी वळवळतं. उभी राहिले की चालावंसं वाटतं. चालले की पळावंसं वाटतं. काय करू?”

“कोणी काही बोलतंय का कानात?”

“कोणी नाही. डोकं ठिकाणावर आहे माझं. विचारा काहीही.”

“सतरा एकोणीसा?”

“तीनशे तेवीस,” मास्तरीणबाई चालता चालताच म्हणाल्या. “पाय तेवढे माझे राहिले नाहीत, बाई. दुसऱ्या कोणाचे तरी लावलेत.”

सिस्टरबाई ते पाय बघत राहिल्या. अशी तगमग त्यांनी पूर्वी पाहिली होती, पण वेडात नव्हे. हॅलोपेरिडॉल या नव्या औषधाचे थेंब भरमसाट दिले की काही जणींचं असं व्हायचं. मात्र ही तगमग सुरू झाली तेव्हा मास्तरीणबाईंना सकाळ-संध्याकाळ दहाच थेंब होते. दहा थेंबांत पाय असे नाचत नाहीत.

मग बाकीचं औषध त्यांच्या अंगात कुठून येत होतं?

दोन

“सिस्टरबाई, तुम्ही पाय बघा. डोकं माझ्याकडे सोडा,” धाकटे डॉक्टर म्हणाले. वयाने तिशीचे, कामाला वाघ, पण कोणी दुरुस्त केलेलं खपत नसे. “घरी जायची तारीख कळली आणि तिसऱ्या दिवशी बाई अस्वस्थ झाली. धसका घेतला. पुस्तकात लिहिल्यासारखं आहे. म्हणून तर परवा शनिवारी मी दहाचे तीस थेंब केले.”

“आणि तीस केल्यावर?”

“वाढलंच. म्हणजे आजार किती जोरात उसळलाय बघा.”

“की औषध उसळलंय?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “येरझारा आठवडाभर आधीच्या आहेत. मी थेंब नंतर वाढवले. कारण आधी येतं, परिणाम मागून.”

“तेच म्हणतेय मी. तुम्ही वाढवायच्या आधीच कोणीतरी वाढवले होते.”

“कोणी? नि कशाला?” डॉक्टर उठले. “समितीपुढे वास आला म्हणून चालत नाही. गुरुवारपर्यंत जास्तीचं औषध कुठून आलं ते दाखवा, मी माझ्या हाताने माझी ओळ खोडतो. नाहीतर ती ओळ राहणार.”

सिस्टरबाई औषधांच्या खोलीत गेल्या. कंपाउंडर खिडकीत बसून बाटलीला लेबल चिकटवत होता. त्या इस्पितळात कंपाउंडरला हसताना फक्त पगाराच्या दिवशी बघायला मिळे.

“थेंबांची बाटली नवीन फोडलीत का हो, पंधरा दिवसांत?”

“फोडली. मग?”

“जास्त कडक नाही ना निघाली?”

“बाई, मी काय मिरच्या वाटतो इथे?” कंपाउंडर फुरंगटला. “त्याच बाटलीतून तुमच्या अकरा बायकांना जातं. अकराच्या अकरा नाचायला लागल्यात का? नाही ना? मग माझ्या बाटलीला नावं ठेवू नका. कोणाला चोरून पाजायचं असेल तर मात्र याच्यासारखं औषध नाही, एवढं सांगतो. रंग नाही, वास नाही, चव नाही. पाण्यात घाला, चहात घाला, पिणाऱ्याला पत्ता लागायचा नाही.”

चहात. सिस्टरबाई दारातच थबकल्या. मास्तरीणबाईंचा भाऊ भेटायला येताना दर वेळी चहाचा थर्मास आणायचा. आणि सोमवार हा भेटीचाच दिवस होता.

तीन

भाऊ बाकाच्या कडेवर अर्धा टेकून बसला होता. कचेरीत कारकून, बहिणीपेक्षा सहा वर्षांनी लहान, बहिणीच्याच घरात बायकोमुलांसह राहणारा.

“ताईचं काय ऐकतोय मी? शनिवारी येणार म्हणून खोली झाडून ठेवली, आणि आता डॉक्टर म्हणतात नाही!”

“खोली झाडली का? त्या खोलीत आता कोण झोपतं?”

“मुलं.” त्याने रुमाल काढला. “तुम्ही काय विचारताय ते कळतंय मला. घर ताईचं आहे. ती इथेच राहिली तर माझी सोय आहे, असंच ना?”

“तसं लोक म्हणतील.”

“म्हणोत. मागच्या खेपेला आम्ही चुकलो, ते मात्र खरं. ती घरी आली, छान होती. जेवायची, पोरांचा अभ्यास घ्यायची. बायको म्हणाली, आता कशाला तिच्या मागे ते विष? हात कापतात बिचारीचे. बाटली मोरीत ओतली. मीही गप्प बसलो. तीन महिन्यांत ताई परत इथे.” त्याने रुमालाची घडी घातली. “हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक आहे. ताईनेच सांगितलंय सगळ्यांना.”

“थर्मास दाखवा.”

“हा? घ्या की. तुम्हीच प्या कपभर.”

सिस्टरबाईंनी कप ओतला, पण ओठाला लावला नाही. त्या चहाकडे बघत होत्या. ज्या घरात औषध ओतून टाकतात, त्या घरातून औषध येईल कशाला? पण माणसाला धडा मिळाला की तो दुसऱ्या टोकालाही जातो.

त्यांनी फाटकावरचं भेटीचं पुस्तक मागवलं. भेट सोमवारी आणि गुरुवारी. पानावर बोट फिरवत गेल्या. गेल्या सोमवारी भावाची सही नव्हती. गुरुवारीही नव्हती.

“ताप होता मला. आठ दिवस घराबाहेर पडलो नाही,” भाऊ म्हणाला.

आठ दिवस थर्मास आलाच नव्हता, आणि त्याच आठ दिवसांत अठरा नंबरचे पाय सर्वांत जोरात धावले होते. सिस्टरबाईंनी तो चहा मुकाट्याने पिऊन टाकला. गार झाला होता.

भाऊ सुटला, बाटली सुटली, डॉक्टरही सुटले. म्हणजे जे काही होत होतं ते रोज होत होतं, वॉर्डाच्या आत होत होतं, आणि दिवसातून दोनदा सिस्टरबाईंच्या डोळ्यांदेखत होत होतं.

चार

मंगळवारी सिस्टरबाईंनी सकाळपासून आपलंच काम परक्यासारखं पाहिलं. कसं चालायचं ते?

औषधांच्या खोलीत त्या स्वतः ड्रॉपरने थेंब मोजायच्या. प्रत्येकीचा एक छोटा पितळी पेला, त्यावर खाटेचा नंबर कोरलेला. थेंब, वर अर्धा पेला पाणी. पेले ट्रेमध्ये लावायचे, शेजारी पाण्याचा जग. तो ट्रे व्हरांड्यातून वॉर्डात न्यायची सात नंबर. तिथे शिकाऊ नर्स नंबर पुकारायची, बाई पेला प्यायची, नर्स खूण करायची. गोळ्या असल्या की तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायचं. थेंबांना काय बघणार?

सात नंबर म्हणजे ‘घड्याळ’. हे नाव तिला वॉर्डाने दिलं होतं. एकोणीस वर्षांची असताना आली होती, त्याला अकरा वर्षं झाली. मनगटावर घड्याळ नसताना वेळ अचूक सांगायची. तिला घरून कोणी न्यायला आलं नाही, येणारही नव्हतं. ट्रेचं काम तिला सिस्टरबाईंनीच दिलं होतं, माणसाला काहीतरी आपलं म्हणायला हवं म्हणून. मास्तरीणबाईंच्या शेजारी बसून ती पाढे शिकायची. साठ-साठ थेंबांवर होती ती, वॉर्डात सर्वांत जास्त. त्या थेंबांनी तिचे हात कापायचे, त्यामुळे ट्रेमधले पितळी पेले एकमेकांवर आपटत यायचे. तो खळखळाट लांबून ऐकू आला की बायका आपसूक रांगेत उभ्या राहत. वॉर्डात औषधाची वेगळी घंटा कधी लागलीच नाही.

संध्याकाळचे पाच वाजले. सिस्टरबाई वॉर्डाच्या दाराआड उभ्या राहिल्या. घड्याळ ट्रे घेऊन आली, मेजावर ठेवला. बायका मात्र आपापल्या खाटांवर.

“अगं बायांनो, चला की!” शिकाऊ नर्स ओरडली. “रोज रोज हाका मारू का?”

“आम्हाला काय स्वप्न पडतं?” कोपऱ्यातली एक म्हातारी कुरकुरली. “हल्ली ट्रे मांजरासारखा येतो. आला कधी, कळतच नाही.”

बायका हसल्या. सिस्टरबाई हसल्या नाहीत. त्या आयुष्यभर पाय बघत आल्या होत्या. त्या संध्याकाळी पहिल्यांदा त्यांनी हात बघितले.

घड्याळ जगमधून पाणी ओतत होती. पाण्याची धार सरळ पडत होती.

त्या उलट पावली फिरल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. “मूठभर मीठ द्या,” त्या आचाऱ्याला म्हणाल्या. “आणि कशाला ते विचारू नका.”

पाच

बुधवारी सकाळी सिस्टरबाईंनी धाकट्या डॉक्टरांना वॉर्डात बोलावून घेतलं. “काही बोलू नका. फक्त अठरा नंबरचं तोंड बघा. आज तुमच्या सवयीचंच काम आहे.”

ट्रे आला. नंबर पुकारले गेले. अठरा नंबरने चालता चालता पेला घेतला, घोट घेतला, आणि सगळा घोट फरशीवर थुंकला.

“ई! खारट! समुद्र पाजताय का मला?”

“मीठ मी अठराच्या पेल्यात घातलं नव्हतं,” सिस्टरबाई हळूच डॉक्टरांना म्हणाल्या. “सातच्या पेल्यात घातलं होतं. थेंबांच्या ऐवजी.”

डॉक्टरांनी सात नंबरकडे पाहिलं. घड्याळ रिकामा पेला हातात धरून भिंतीला टेकली होती.

तिघं औषधांच्या खोलीत बसली. म्हणजे घड्याळ बसली नाही, स्टुलावर बस म्हटलं तरी उभीच राहिली.

“माझा पेला तिच्या पेल्यात ओतत होते,” ती म्हणाली. “व्हरांड्यातल्या खांबामागे. मग मी साधं पाणी प्यायचे. पेला जरा भरलेला दिसला तर तिला सांगायचे, पाणी जास्त पडलंय.”

“केव्हापासून?”

“तिची तारीख लागली त्या दिवशीच्या संध्याकाळपासून.”

“जाऊ नये म्हणून?” डॉक्टरांनी विचारलं. आवाज चढला होता.

घड्याळने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना दोन नि दोन येत नव्हते. “जावी म्हणून. मागच्या वेळी गेली तर वहिनीने औषध मोरीत ओतलं. परत आली तेव्हा तिने मला ओळखलंसुद्धा नाही. मला म्हणाली, तू कोण गं?” तिने हातातला पेला खाली ठेवला. “घरी तिला कोण मोजून देणार? म्हणून म्हटलं, आधीच भरून ठेवावं. नळाचं पाणी जाणार असलं की टाकी भरतो ना आपण? तसं. पाचसहा महिने पुरेल एवढं.”



“आणि तुझं?” सिस्टरबाईंनी विचारलं. “तुझं औषध तू सोडलंस. तुला भीती नाही वाटली?”

“मी कुठे जाणार आहे?” घड्याळ म्हणाली. “इथे वेडी झाले तर कोणाचं काय बिघडतंय? इथे तुम्ही आहात.”

डॉक्टर जरा निवळले. “अगं, पण तिचे पाय थांबेनात, ते दिसत नव्हतं तुला? तेव्हा तरी थांबायचंस.”

“थांबणारच होते. पण तुम्ही म्हणालात आजार वाढतोय. थेंब वाढवलेत. मला वाटलं, कमीच पडतंय. मग मी पेल्याच्या तळाशी राहिलेलंसुद्धा तिच्यात निथळून द्यायला लागले.”

धाकटे डॉक्टर गोरे होते. कानापर्यंत लाल झालेले दिसले. दोघांनी एकच चूक केली होती. एकाने लाल शाईने, एकीने खांबामागे.

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. “फाईल द्या अठराची,” ते म्हणाले. ओळ खोडली, खाली सही केली. मग घड्याळकडे वळले. “हात पुढे कर.”

तिने केले. दहाही बोटं स्थिर होती.

“आवाज येतात का कानात? खरं सांग.”

“कालपासून थोडे. लांबून.”

“साठ फारच होते,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “आणि शून्य चालणार नाही. मधलं शोधू. कोणी अकरा वर्षांत कमी करून बघितलंच नाही का हिचं?” मग दचकून सिस्टरबाईंकडे पाहिलं. “पण समितीला हे सांगावं लागेल. सात नंबरने दुसऱ्या रुग्णाला औषध पाजलं. ते ऐकलं की तिलाच मागच्या इमारतीत टाकतील.”

शुक्रवारला दोन दिवस होते.

सहा

समिती मोठ्या साहेबांच्या खोलीत बसली. मोठे साहेब, बाहेरून आलेले दोन डॉक्टर, आणि कोपऱ्यात सिस्टरबाई. दोन दिवस जास्तीचे थेंब बंद होते. मास्तरीणबाईंचे पाय निम्मे शांत झाले होते. निम्मेच.

“बसा,” मोठे साहेब म्हणाले.

मास्तरीणबाई बसल्या, खुर्चीचे हात घट्ट धरले. कपाळावर घाम आला. उठल्या.

बाहेरच्या डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं.

“साहेब, मला बसवत नाही,” त्या म्हणाल्या. “पण का बसवत नाही ते मला ठाऊक आहे. दहा दिवस सत्तर थेंब, पुढचे चार दिवस नव्वद, तेही सकाळ-संध्याकाळ. तुम्ही घेऊन बघा, आणि मग बसून दाखवा.”

मोठे साहेब खुर्ची मागे सारून उठले. “चला, आपण चालत बोलू.” आणि सबंध मुलाखत त्यांनी व्हरांड्यात फेऱ्या घालत घेतली. तारीख, वार, घरात कोण, औषध कोण देणार. पाच फेऱ्या झाल्या. साहेबांना धाप लागली, मास्तरीणबाईंना नाही.

परत येऊन त्यांनी शिक्का मारला. मग कोपऱ्यात बघितलं. “हे जास्तीचे थेंब गेले कसे?”

सिस्टरबाई उभ्या राहिल्या. रात्रभर त्यांनी हेच वाक्य जुळवलं होतं. “औषधाचा ट्रे रुग्णाच्या हातात द्यायचा नसतो. मी पाच वर्षं देत होते. सात नंबरने जे केलं ते वेडाने नाही, समजुतीने केलं, आणि ती समजूत आमच्याकडूनच घेतली. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, साहेब. तिला आहे त्या वॉर्डातच राहू द्या.”

“तुमच्या निवृत्तीला किती महिने?”

“चार.”

“लिहावं लागेल,” मोठे साहेब म्हणाले.

“लिहा.”

शनिवारी मास्तरीणबाई पुढच्या फाटकातून घरी गेल्या. निघताना घड्याळशी त्या फार बोलल्या नाहीत. दोघी वॉर्डात दोन फेऱ्या बरोबर चालल्या, एवढंच.

नंतरची हकिकत थोडी आहे. सिस्टरबाईंच्या नोकरीच्या कागदांत शेवटच्या पानावर ताशेरा पडला, आणि निरोपसमारंभाला मोठे साहेब आले नाहीत. कंपाउंडर आला आणि पगाराचा दिवस नसताना हसला. भावाच्या बायकोने पुढे सतरा वर्षं नणंदेचे थेंब रोज स्वतः मोजले, एकदाही चुकवले नाहीत. मास्तरीणबाईंनी घरी शिकवण्या घेतल्या. झोपेत गेल्या. डावा पाय मात्र शेवटपर्यंत मेजाखाली हलायचा. धाकटे डॉक्टर मोठे झाले, फार मोठे. त्यांच्या हाताखालची मुलं सांगत, सर नवीन रुग्णाला आधी काही विचारत नाहीत, खुर्ची देतात आणि गप्प बसतात.

घड्याळचे थेंब उतरवत उतरवत पंधरावर आले. दोनदा ती पुन्हा आजारी पडली. दुसऱ्या खेपेला फार, आणि तेव्हा थेंब वाढवावेच लागले, त्यांनीच ती वाचली. पण मग इस्पितळाच्या शिवणखान्यात तिला पगारी काम मिळालं, आणि आणखी काही वर्षांनी ती फाटकाबाहेर राहायला गेली.

सिस्टरबाई खूप थकल्या तेव्हा ती एकदा त्यांना भेटायला आली होती. केस पांढरे झालेले. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि ती उठलीच.

“घाई काय गं एवढी?” सिस्टरबाई म्हणाल्या. “तुला कोण विचारणार आहे उशीर झाला तर?”

“कोणी नाही. पण कुलूप लावून आलेय ना,” ती म्हणाली. “माझ्या खोलीला.”